आक्काबाईचं आडनाव

बायकोच्या वर्षश्राद्धाला भैरवनाथाच्या देवळात पन्नास ताटं द्यायचं गेनबानं ठरवलं. ताटांवर तिचं नाव घालून घ्यायला तो नसरापूरच्या भांड्यांच्या दुकानात बसला होता. लेक स्नेहलनं कागदावर लिहून दिलं होतं : कै. आक्काबाई हनुमंत धुमाळ.

वेल्ह्याहून आलेला थोरला भाऊ मानसिंग कागद बघून भडकला.

"धुमाळ तिच्या बापाचं. आपण शिळीमकर. मेल्यावर तरी बाई आपल्या घरची हुं दे की."

"ती आपल्या घरी आलीच कवा, दादा? म्याच गेलो तिच्या घरी."

ते खरंच होतं. हनुमंत धुमाळांना एकच लेक. लग्नानंतर गेनबा एक पिशवी घेऊन भोंगवलीला घरजावई आला आणि अडतीस वर्षं तिच्याच शेतात राबला. गावानं तिला शेवटपर्यंत धुमाळांची आक्काबाईच म्हटलं.

"लोकं तुला राणीचा नवरा म्हणत्यात, ठावं हाय न्हवं?"

"व्हय. स्नेहलनं मोबाईलवर वाचून दावलं. इंग्लंडात राजाची बायको राणी, पण राणीचा नवरा राजा न्हाई. मागल्या राणीच्या पोरांना तर आधी बापाचं आडनाव लागलंच न्हाई. पुढं आईच्या आडनावाला जोडून दिलं, त्येबी समद्यांना न्हाई. लई चिडला म्हणं राणीचा नवरा."

"बघ. त्यालाबी झोंबलंच की."

"झोंबलं आसंल. मला न्हाई झोंबत. उपाशी आलो, तिनं बापाच्या चुलीवरचं वाढलं. आता तिचा बाप पुसून म्या माजं नाव घालू?"

मशीन हातात धरून दुकानदार ताटकळला होता. "काका, कोणतं घालू मग?"

"कागदावरचं."

"भावकीतलं एक माणूस पंगतीला बसायचं न्हाई," मानसिंग म्हणाला.

"न्हाई बसंना. ताटं वाया जात न्हाईत."

देवळात द्यायच्या आधी श्राद्धाची पंगत त्याच ताटांत बसली. भावकीतली सात-आठ माणसं आलीच, मानसिंगसुद्धा. ताटावरचं नाव दिसताच त्यानं हात मागं घेतला. "म्या ह्यात जेवनार न्हाई."

गेनबानं ताट उचललं, तिथं पत्रावळ मांडली आणि स्वतः खीर वाढली.

"जेवा, दादा. नाव तेच ऱ्हाईल."