माग तुटला तिथे

“थांबा मास्तर. हा जेवतो कवा?”

सावळेराम मास्तरांनी पुस्तकातून मान वर केली. ओतूरला नेमीचंदशेटच्या दुकानाच्या ओट्यावर ते दर बाजारी दुपारी पुण्याहून आलेली गुप्त पोलिसाची कादंबरी मोठ्याने वाचत. ऐकायला दहाबारा माणसे जमत, पण मध्येच तोंड घालणारा एकटा सोमाजी.

“कोण जेवतो?”

“तुमचा गुप्त पोलीस. चार दिस झालं, घोड्यावरच हाय.”

माणसे हसली. सोमाजी हसला नाही. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. तीस वर्षे त्याने पोलिसांसाठी चोरांच्या पावलांचा माग काढला होता. नजर मंदावली तसा तो घरी बसला. अक्षर त्याला ओळखता येत नव्हते. पण आपल्या धंद्याची गोष्ट कुणी पुस्तकात घातली आहे हे कळल्यापासून त्याने एकही बाजार चुकवला नव्हता.

त्याच्या शंका संपत नसत. दरोडेखोर दर वेळी गडगडाटी हसून घरात शिरतो, मग गावची कुत्री का भुंकत नाहीत? त्याला आईबाप, पोरेबाळे कुणीच कसे नाही?

“मी धरलेले चोर घरीच घावायचे,” तो सांगे. “येक तर म्हशीची धार काढत व्हता. म्हणला, येवढी काढू द्या, न्हाईतर म्हस आटंल.”

मास्तर आधी चिडत. पुढे पुढे मात्र वाचता वाचता तेच थबकून सोमाजीकडे बघू लागले.

शेवटचे प्रकरण आले. नदीकाठी दरोडेखोराची पावले नाहीशी झाली. गुप्त पोलिसाने क्षणभर डोळे मिटले आणि पलीकडच्या झाडीकडे बोट केले. दरोडेखोर तिथेच सापडला. आधी चुकून धरलेला एक निरपराधी माणूस सुटून घरी गेला. गोष्ट संपली. माणसे धोतरे झटकून उठली.

सोमाजी बसूनच राहिला.

“मास्तर, माग तुटल्यावर त्यानं कशावरनं बोट केलं?”

“ते लिहिलं नाही. त्याच्या मनानं घेतलं.”

“आन् चुकला आस्ता तर?”

“तो चुकत नाही, सोमाजी. चुकला तर गोष्ट पुढं कशी जाईल?”

“जाती पुढं,” सोमाजी म्हणाला. “आन् जो सुटून घरी आला, त्याची बायको व्हती ना? ती काय म्हणली?”

मास्तरांनी मागची दोन पाने चाळली. “तिचं काही लिहिलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच सोमाजी डिंगोऱ्याच्या वाटेला लागला. अठरा वर्षे त्याने त्या गावात पाऊल टाकले नव्हते. तिथल्या कुशाबाला चोरीच्या आरोपावरून पाच वर्षांची शिक्षा झाली होती आणि तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच तापाने गेला होता. कुशाबाची बायको चिमाबाई आता काय म्हणेल, हे वाटेत त्याने पुष्कळ ताडून पाहिले. ताडता येईना.

चिमाबाई अंगणात हुलगे पाखडत होती.

“पावणं, कुणाकडं?”

“तुमच्याकडंच. मी सोमाजी. तुमच्या मालकाचा माग मीच काढला व्हता.”

सूप थांबले. सोमाजी उभाच राहिला.

“खरं तर माग तुमच्या घराला आलाच नव्हता, बाई. अलीकडंच, ओढ्यात तुटला. म्हागं फौजदार सायेब घोड्यावर. त्यावक्ताला मी कदी चुकलो नव्हतो. घावत न्हाई आसं म्हणवंना. पलीकडं पयलं घर दिसलं, तिकडं बोट केलं.”

“मंग चोर कोण व्हता?”

“ठावं न्हाई. कवाच कळलं न्हाई.”

ती ओरडेल, शिव्याशाप देईल अशी त्याने तयारी ठेवली होती. तिने सुपातले हुलगे हाताने सारखे केले. मग तिने विचारले, “तुमी बोट केलं तवा हे काय करत व्हते?”

सोमाजीने डोळे बारीक केले. “दारात बसलेले. दावं वळत व्हते.”

“व्हय,” ती हळूच म्हणाली. “दावंच व्हतं. बैल नवा व्हता.”

तिने सूप भिंतीला टेकवले, हात लुगड्याला पुसले आणि ती उठली.

“त्यांना बांधून न्हेलं तवा समदा गाव चावडीपुढं उभा व्हता. आता मला येकटीला सांगून काय व्हणार? चला.”

चावडीत पाटील आणि चार म्हातारी माणसे बसली होती. त्या गावात बाया चावडी चढत नसत, खालूनच बोलत. चिमाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला, एकेक पायरी चढून ती वर गेली आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली.

“सांगा,” ती सोमाजीला म्हणाली. “ओढ्यापासनं सांगा.”

सोमाजीने वहाणा काढल्या आणि खाली उभ्यानेच सुरुवात केली.