टाकीवरचे टोपडे

मित्रांनो, चार फुगीर चाके, एक हँडल आणि घोड्यावर बसतात तशी टांग टाकून बसायची बैठक, एवढाच माझा संसार. दारे नाहीत, छप्पर नाही. मोटारी जिथे हात टेकतात तिथे आमचे काम सुरू होते. माझा रंग एके काळी लाल होता. आता तो कुठला म्हणायचा, हे सांगायला मलाही विचार करावा लागतो.

दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि खोक्यात बंद होऊन मी जहाजाने या उत्तरेकडच्या बेटावर आले. इथे जहाज फक्त उन्हाळ्यात येते, समुद्रावरचा बर्फ वितळल्यावर. खोके फोडले तेव्हा समोर जेपिटी उभा होता. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली, चाकाला बुटाने हलकेच ढोसले आणि म्हणाला, "गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांपेक्षा कमी खाईल आणि भुंकेलही कमी."

"कुत्रा हाक मारली की येतो तरी!" त्याच्या बायकोने, ऊलीपिकाने, लगेच सुनावले. त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

पुढची कितीतरी वर्षे मी राबले. कॅरिबू हरणांचे मांस वाहिले, सीलचे वाहिले, चहाच्या पाण्यासाठी हिमनगाचे तुकडे वाहिले, रविवारी प्रार्थनेला निघालेली पोराबाळांसकट अख्खी बिऱ्हाडे वाहिली. मोठा चढ चढून गेले की जेपिटी माझ्या टाकीवर थोपटायचा. तेवढ्यावर मी खूश असे.

मग एका हिवाळ्यात जेपिटीच्या छातीने दगा दिला. त्याला विमानाने दूरच्या इस्पितळात नेले. तो परत आला, पण अर्धा होऊन आला. तेव्हापासून ऊलीपिकाने दिसेल ते झाकायला सुरुवात केली. खिडकीच्या फटी बुजवल्या, नवऱ्याच्या डोक्यावर टोपीवर टोपी चढवली, आणि बर्फ वितळू लागला तशी माझी पाळी आली.

ऊलीपिका म्हणजे गावातली अव्वल शिवणारी. तिने शिवलेल्या बुटात पाण्याचा थेंब शिरत नाही. तिने सीलचे कातडे घेऊन माझ्या बैठकीला गवसणी शिवली, पेट्रोलच्या टाकीला अंगरखा शिवला, आणि टाकीच्या झाकणाला चक्क टोपडे शिवले, तान्ह्या बाळाला घालतात तसे. टोपड्याच्या काठात नाडी होती. नाडी ओढून गाठ मारली की धूळ आत जाणार नाही आणि बर्फही नाही. शेजारणी मला बघायला आल्या. त्यांनी टाके उलटून पाहिले, वाहवा केली, पुन्हा पाहिले. खोटे कशाला बोलू, मी फार फुशारले.

पण त्याच आठवड्यात विमानतळाच्या सरळ रस्त्यावर मला धाप लागली. हळू चालताना काहीच त्रास नव्हता. वेग वाढवला की मात्र इंजिन घुसमटायचे, आचके द्यायचे आणि बसायचे.

माझे दुखणे मला ठाऊक होते. माझ्या झाकणातून एक बारीक रबरी नळी निघते आणि हँडलपाशी जाते. टाकीतले पेट्रोल जसजसे खाली उतरते तसतशी त्या नळीतून हवा आत यावी लागते. एखादी मऊ बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी ओढून बघा. बाटली आत चेपते आणि पाणी येईनासे होते. माझे तेच झाले होते. टोपड्याची नाडी नेमकी त्या नळीवर आवळली जायची. थोडी हवा जेमतेम शिरायची, ती हळू चालण्यापुरती. पळायला लागले की पुरायची नाही. पण सांगणार कसे? मला हॉर्नसुद्धा नाही.

दुरुस्तीला आला सिमियोनी, ऊलीपिकाच्या बहिणीचा मुलगा. गावातली निम्मी यंत्रे त्याच्या हाताखालून जातात. त्याने माझी हवेची जाळी काढून धुतली, वाळवली, तेल लावून बसवली. मग पेट्रोल किती आहे ते बघायला टोपड्याची गाठ सोडली आणि झाकण उघडले. स्स्स! टाकीने एकदम हवा आत ओढली. झाकण लावून, टोपडे जसेच्या तसे बांधून तो मला तळ्यापर्यंत पळवून आला. मी वाऱ्यासारखी गेले.

"मावशी, जाळी तुंबली होती!" त्याने विजयी चेहऱ्याने सांगितले. मावशीने चहा दिला, सोबत तव्यावरची गरम बॅनॉक रोटी दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धाप. त्याने प्लग बदलला, पेट्रोल बघितले, स्स्स झाले, मी पळाले. "मावशी, प्लगच होता!" पुन्हा चहा, पुन्हा रोटी. दोन दिवसांनी त्याने कार्बुरेटर उघडला, त्यातले बारीक भोक तारेने साफ केले, पुन्हा बसवला आणि पेट्रोल बघितले. मित्रांनो, प्रत्येक वेळी मला बरे करत होते ते नुसते झाकण उघडणे, आणि शाबासकी मिळत होती दुसऱ्यालाच. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देई. कुणाला पेट्रोल शिळे वाटे, कुणाला मी.

एकदा मात्र सिमियोनीचा हात त्या नाडीवर थबकला. त्याने चेपलेल्या नळीकडे पाहिले आणि मग दारात उभ्या असलेल्या मावशीकडे. मला वाटले, सुटले! पण त्याने मान खाली घातली. "टोपडं छान बसलंय, मावशी," तो म्हणाला आणि गाठ होती तशी बांधली. इथे वडीलधाऱ्या माणसाला त्याचे काम चुकले असे कुणी तोंडावर सांगत नाही. त्यातून ऊलीपिकाची शिवण! त्यापेक्षा माझा कार्बुरेटर पुन्हा उघडणे त्याला सोपे वाटले.

एवढ्यात उन्हाळा उतरणीला लागला. या दिवसांत इकालुक मासे समुद्रातून नदीत परततात. जेपिटी लहानपणापासून दर वर्षी त्या नदीवर जात आला होता. होडीत चढणे आता त्याला झेपत नव्हते, त्यामुळे उरली मी. आणि नदीला जायची वाट ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलातून आहे. पाणी मागे सरले की सुसाट निघायचे आणि ते परतायच्या आत पलीकडे पोचायचे. रखडत जाणाऱ्याचे तिथे काम नाही.

जेपिटी दिवसभर खिडकीत बसून मासेमारीच्या भाल्याला धार लावायचा. बोलायचा नाही. धार केव्हाच लागून झाली होती, तरी लावायचा.

आम्ही एकदा निघालो. ऊलीपिका पुढे, जेपिटी तिच्यामागे. निम्म्या वाटेत मला धाप लागली. दूरवर पाणी चकाकू लागले होते. ऊलीपिकाने मला वळवले आणि तशीच फुरफुरत घरी आणले.

"यंदा राहू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "पुढच्या वर्षी जाऊ."

जेपिटीने हसून मान हलवली. पुढच्या वर्षाचे नाव ऐकून तो ज्या तऱ्हेने हसला, ते मला बघवले नाही. मग ऊलीपिकाने सांगितले की मला सिमियोनीच्या पत्र्याच्या शेडमागे नेऊन सोडा, सुटे भाग तरी कामाला येतील. तिथे माझ्या जातीच्या कितीतरी जणी पडल्या आहेत. कुणाला चाके नाहीत, कुणाला हँडल नाही. मी घाबरले.

मला न्यायला आली मालाया, त्यांची धाकटी मुलगी. ती विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करते. तिची गंमत अशी की ऊलीपिका तिला "आई" म्हणते आणि ती ऊलीपिकाला "लेकी" म्हणते. ऊलीपिकाच्या वारलेल्या आईचे नाव या मुलीला ठेवले आहे, आणि या लोकांत नावाबरोबर नातेही येते. पाळण्यात असल्यापासून मालाया आपल्या आईची आई आहे.

रस्त्यात मी घुसमटून बंद पडले. मालायाने टोपडे सोडून टाकीत डोकावले. स्स्स. तिने झाकण लावले, नाडी बांधली, निघाली. मी पळाले आणि चढावर पुन्हा बसले. तिने पुन्हा झाकण उघडले. पुन्हा स्स्स. आता ती उतरली, माझ्यापुढे उकिडवी बसली आणि नळीवर बोट फिरवून पाहिले. मग तिने टोपडे काढून खिशात कोंबले. त्यानंतर मी सिमियोनीच्या दारापर्यंत एकदाही अडखळले नाही.

"तुला ठाऊक होतं?" तिने टोपडे त्याच्या नाकासमोर धरले.

"संशय होता."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"मावशीला सांगू? तिच्या शिवणीबद्दल?" सिमियोनी कान खाजवत म्हणाला. "मी भाचा आहे बाई. तू तिची आई आहेस, तू सांग."

मालाया मला परत घेऊन आली. ऊलीपिका अंगणात कातडे ताणत बसली होती. मालाया तिच्याशेजारी टेकली आणि तिने टोपडे तिच्या मांडीवर ठेवले.

"लेकी, टाके माझ्यापेक्षा सुंदर घालतेस. पण या गाडीचा श्वास कोंडलाय. नळी बाहेर राहायला हवी."

ऊलीपिकाने टोपड्याच्या टाक्यांवरून बोट फिरवले. "तिला थंडी लागू नये म्हणून शिवलं गं," ती हळूच म्हणाली.

"माहितीये."

"बरं, आई." साठी उलटलेली ती बाई लहान मुलीसारखी म्हणाली. तिने आपली अर्धगोल सुरी उचलली, नाडी कापून काढली आणि नळीपुरती खाच पाडली. खाचेच्या कडेनेसुद्धा तिने बारीक टाके घातले. अशी ती बाई!

पुढच्या ओहोटीला आम्ही निघालो. चिखल, शेवाळ, दगड, सगळे मागे पळत होते, आणि माझ्या टाकीत हवा कशी सुरेख येत होती! पाणी परतण्याच्या कितीतरी आधी आम्ही पलीकडे होतो. जेपिटीने वाकून माझ्या टाकीवर थोपटले. वर्षभरानंतर थोपटले.

नदीत मासे दिसत होते. ऊलीपिकाने त्याला एका दगडावर बसवले, अंगावर आणखी एक कांबळे टाकले, टोपीवरून त्याच्या जाड कोटाची टोपी ओढली आणि हनुवटीखाली नाडी आवळली. जेपिटीने तिला ते करू दिले. मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग बायकोकडे.

"माझी गाठ तू सोडतेस," तो म्हणाला, "की गावातून मालायाला बोलावू?"

ऊलीपिकाचे हात जागच्या जागी थांबले. ती आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. तिने गाठ सोडली. कांबळे काढून माझ्या बैठकीवर ठेवले. जेपिटीने लांब श्वास घेतला, भाला उचलला आणि सावकाश पाण्यात उतरला.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना जपा. पुसा, झाका, तेलपाणी करा. एवढेच करा, की आमच्यातून एखादी बारीक नळी बाहेर येत असेल तर ती कशासाठी आहे, ते आधी विचारा. आम्हाला बोलता येत नाही. बोलता येत असूनही गप्प बसणारा कुणी तुमच्या घरी असेल, तर त्यालाही विचारा.