तीन दिवसांचा दुखवटा

बाणकोटच्या सिराजचा निकाह आतापर्यंत दोनदा ठरला होता आणि दोन्ही वेळा नवरा सोडून सगळे हजर होते. पहिल्या खेपेस कंपनीने रजाच दिली नाही. दुसऱ्या खेपेस दिली, पण ती निकाहाच्या दुसऱ्या दिवसापासून. आता केळशीहून होणाऱ्या सासऱ्यांचं, हुसेनमियांचं, पत्र आलं होतं: "फोटो खुर्चीवर ठेवून निकाह लावायची आमच्या गावात पद्धत नाही. या बोटीने या. नाहीतर फातिमासाठी दुसरं स्थळ बघावं लागेल. एक बघून ठेवलंय. ते गावातच राहतं."

त्या शेवटच्या वाक्याने सिराजची भूक गेली. स्वयंपाक्याची भूक जाणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

बोट शनिवारी सुटणार होती. तिकीट काढून झालं होतं, आणि फातिमासाठी घेतलेली अत्तराची बाटली ट्रंकेत तीन बनियनांत गुंडाळून ठेवली होती. राहिली होती फक्त रजेच्या कागदावर हॅरिससाहेबांची सही. ती नसेल तर बंदरावरचा शिपाई माणसाला ट्रंकेसकट परत फिरवायचा. सिराज आखातातल्या मीना अब्दुल्ला बंदरावरच्या तेल कारखान्याजवळ याच हॅरिससाहेबांच्या बंगल्यात स्वयंपाक करायचा, आणि तो कागद दहा दिवस साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"आधी अमेरिकेची निवडणूक होऊ दे," साहेब म्हणाले होते. "निक्सन प्रेसिडेंट झाला की लगेच सही. वर तुला लग्नासाठी माझा एक टाय."

सिराजने निक्सनला कधी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून प्रत्येक नमाजानंतरच्या दुआत फातिमाच्या पाठोपाठ त्याचंही नाव यायला लागलं. पंचाईत अशी की समोरच्या बंगल्यातले कोलमनसाहेब केनेडीवाले होते आणि त्यांचा ड्रायव्हर महबूब सिराजच्याच खोलीत राहायचा. तो शेजारच्या चटईवर बसून नेमकी उलटी दुआ मागायचा. त्याला केनेडी आला तर पंखा मिळणार होता.

गुरुवारी सकाळी सिराज कामावर गेला तेव्हा बंगल्याचे पडदे ओढलेले होते. रेडिओ बंद. मेमसाहेब नाक पुसत कोपऱ्यात बसलेल्या. साहेब दाढी न करता, पायजम्यावर, भिंतीकडे बघत होते.

"साहेब, अंडी कशी करू?"

"हरलो, सिराज. थोडक्यात हरलो. चूल पेटवू नकोस."

"आणि तो रजेचा कागद..."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की सिराजने ट्रेमधली अंडी उचलली आणि तो उलट्या पावलांनी बाहेर आला. समोरच्या बंगल्यात ग्रामोफोन वाजत होता. गेटवर महबूब गाडी पुसत होता, जरा जास्तच चकचकीत.

"पंख्याखाली झोपायला ये हां रात्री," महबूब म्हणाला.

सिराज तडक खोलीवर आला. तिथे रत्नागिरीकडचे दहाजण राहायचे, आणि कुठलीही अडचण आली की ती उस्मानचाचांसमोर मांडायची असा रिवाज होता. चाचा पूर्वी बोटीवर होते. कुठल्या बंदरात काय रीत, हे त्यांना पाठ होतं. नसलं तरी ते सांगायचे.

"पडदे ओढलेत?" चाचांनी विचारलं.

"ओढलेत, चाचा."

"बाई रडतेय? चूल बंद?"

"बंद."

"मग बावा, ही मय्यतच झाली. माणूस हरला काय नि मेला काय, घर तसंच दिसतं. आणि मय्यतीच्या घरात तीन दिवस कागदाला हात लावत नाहीत."

सिराजने बोटं मोजली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. "चाचा, तोवर बोट जाईल! आणि ते स्थळ गावातच राहतंय!"

"म्हणून तर रीत नीट पाळायला हवी. रडणाऱ्याजवळ कुणी बसलं, त्याला दोन घास भरवले, की तो लवकर उठतो. त्या साहेबाकडे अजून कुणी गेलंय का समाचाराला?"

कुणी गेलेलं नव्हतं. सगळ्या खोलीला वाईट वाटलं. एवढा मोठा साहेब, आणि त्याच्या दारात एक चप्पल नाही.

दुपारी पाळी सुटल्यावर दहाजण निघाले. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, माना खाली. पुढे उस्मानचाचा, मागे सिराज आणि झहूर मूगडाळीच्या खिचडीचं पातेलं धरून. खिचडी साधी, वर तळलेला कांदाही नाही, कारण दुखवट्याच्या घरी चव आणत नाहीत. महबूबसुद्धा आला. राजकारण वेगळं, समाचार वेगळा, असं तो म्हणाला.

दाराबाहेर वहाणांची रांग लागली. दहाजण साहेबांच्या गालिच्यावर मांडी घालून बसले आणि काही बोलेनात. साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. मग सिराजकडे.

"हे काय आहे? संप?"

झहूर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होता, त्यामुळे इंग्रजी त्याच्याकडे. त्याने सांगितलं, "सर, आम्ही तुमच्या दुःखात सामील व्हायला आलोत."

चाचांनी घसा साफ केला. "विचार त्यांना, वय काय होतं?"

"सत्तेचाळीस," साहेब गोंधळून म्हणाले.

सगळ्यांनी चुकचुक केली. "काहीच नाही वय. मागे मुलंबाळं?"

"दोन मुली आहेत. पण..."

"अल्ला त्यांना सबर देवो."

"अहो, तो जिवंत आहे!"

झहूरने ते मराठीत सांगितलं. चाचांनी हळूच साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांग त्यांना, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं."

सिराजने डोळे मिटून घेतले. फातिमा, बोट, ट्रंक, सगळं त्याला बुडताना दिसलं. पण तेवढ्यात मेमसाहेब हुंदका देऊन म्हणाल्या, "निदान कुणीतरी आलं!" आणि साहेबांचा चेहरा एकदम सैल पडला. मग ते बोलायलाच लागले. कुठल्या राज्यात किती मतं कमी पडली, कुठली पेटी उशिरा मोजली, टीव्हीवर केनेडीशी वाद घालताना निक्सनला घाम कसा आला, सगळं. दहाही जणांनी प्रत्येक राज्याच्या नावाला मान हलवली. चाचांनी साहेबांना खिचडीचा पहिला घास स्वतःच्या हाताने भरवला. साहेबांनी दुसरा आपण होऊन घेतला. मग बशी पुढे केली.

समोरचा ग्रामोफोन बंद पडला. कोलमनसाहेबांनी वहाणांची रांग पाहिली होती. टोपी हातात धरून, पांढऱ्या पडलेल्या तोंडाने ते दारात आले आणि खिचडी खाणाऱ्या हॅरिससाहेबांना पाहून थिजले.

"मला वाटलं तू गेलास!"

"अजून नाही. बस. जोडे बाहेर काढ."

कोलमनसाहेब बसले. सिराजला वाटलं, हीच वेळ. त्याने टेबलावरचा कागद आणि पेन आणून साहेबांपुढे धरलं.

"नाही, नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तीन दिवस कागदाला हात लावायचा नाही. मघाशी झहूरने सांगितलं मला. इतका चांगला नियम मी जन्मात ऐकला नव्हता. ऑफिसलाही कळवतो."

सिराजने चाचांकडे पाहिलं. चाचा छताकडे बघत होते. तिथे काही नव्हतं.

"चाचा," सिराज दातओठ खात पुटपुटला, "तुमची रीत. तुम्हीच सोडवा."

चाचांची नजर छतावरून कोलमनसाहेबांवर आली. मग ते म्हणाले, "सांग झहूर, मय्यतीच्या घरचं बाहेरचं काम शेजारी बघतो. तीही रीतच आहे. सही या शेजारच्या साहेबांनी करावी."

झहूरने सांगितलं. कोलमनसाहेबांचा चेहरा उजळला. "आनंदाने! हॅरिसच्या वतीने, विजयी पक्षाकडून!" आणि त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

पेन त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. हॅरिससाहेबांनी ते मधल्यामध्ये हिसकावलं आणि कागदावर एवढी दाबून सही केली की ती खालच्या गालिच्यावरही उमटली असावी.

"व्हाइट हाउस घ्या," ते म्हणाले. "माझं टेबल नाही मिळणार."

"उठला," चाचा समाधानाने म्हणाले. "रीत नीट पाळली की माणूस उठतो."

शनिवारी सिराज बोटीवर चढला, गळ्यात साहेबांचा टाय. निकाहाला नवरा प्रथमच हजर राहिला, त्यामुळे केळशीतले लोक त्याच्याकडेच जास्त बघत होते. गावात राहणारं ते स्थळही जेवून गेलं.

महिन्याभराने झहूरचं पत्र आलं. साहेब मजेत आहेत, महबूबला पंखा मिळाला पण तो फिरत नाही, आणि साहेबांना कुणीतरी सांगितलंय की आपल्यात मय्यतीच्या चाळिसाव्या दिवशी जेवण घालून चाळिसावाही करतात. त्यांनी कोलमनसाहेबांना आमंत्रण दिलंय. खिचडी सिराजच्याच हातची हवी म्हणतात, तर रजा अर्धी टाकून ये.

सिराजने पत्र फातिमाला वाचून दाखवलं. ती मासे साफ करत होती. तिने सुरी थांबवली.

"हा निक्सन चार वर्षांनी पुन्हा निवडणूक लढवू शकतो ना?"

"लढवू शकतो."

"मग कसला चाळिसावा? कळवा तसं."

सिराजने त्याच संध्याकाळी पोस्टकार्ड टाकलं: "उस्मानचाचांस सलाम. चाळिसावा तूर्त थांबवावा. आमच्या घरून असं मत आहे की, मय्यत अजून पक्की झालेली नाही."