श्वासापुरती जागा

झुराकानला स्टुडिओतून बोलावणं आलं तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी चुकून फोन लावलाय. बिश्केकमध्ये तिचा आवाज ओळखणारी माणसं आता उरली होती कुठे? पण पलीकडची बेगिमाय नावाची मुलगी आर्जवानं सांगत होती, की एका कार्टूनपटाला किरगीझ आवाज द्यायचेत आणि त्यातल्या आजीसाठी तिला स्वतः लहानपणी ऐकलेला तोच आवाज हवाय.

एके काळी परदेशी सिनेमांतल्या नायिका झुराकानच्या आवाजात किरगीझ बोलत. नायकाचा आवाज मेदेरबेकचा. फिल्मचे लहान तुकडे करून प्रत्येकाची दोन टोकं एकमेकांना चिकटवत, आणि जमेपर्यंत तोच तुकडा पडद्यावर फिरत राही. मायक्रोफोन एकच. दोघं त्याच्यापुढे खांद्याला खांदा लावून उभी राहत, बुटांची करकर नको म्हणून नुसत्या लोकरी मोज्यांवर. एक चुकला की दोघांनी पहिल्यापासून. मेदेरबेकनं तिला किती वेळा लग्नाची मागणी घातली असेल, आणि तिनं रडत, हसत, लाजत किती वेळा होकार दिला असेल! मग दिवे लागत. तो बूट चढवून आपल्या बायकोकडे जाई, ती आपल्या नवऱ्याकडे. नवरा भला माणूस होता. तरी मेदेरबेक कधी कधी मुद्दाम चुकतो, असा तिला संशय येई. आणि कधी ती स्वतःच मुद्दाम चुके.

देश फुटला, स्टुडिओचा पैसा आटला, आवाज देण्याचं काम बंद पडलं. मेदेरबेक दक्षिणेला, ओश शहराजवळ भावाच्या जर्दाळूच्या बागेत राहायला गेला. जाण्याआधी निरोप घ्यायला आला, तर नेमके घरात पाहुणे. चहा घेऊन, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून निघून गेला.

आता झुराकानला कपाटाएवढ्या खोलीत एकटीला उभं केलं. काचेपलीकडे बेगिमाय संगणकापुढे बसली होती. सिनेमातल्या आजोबांचं काम करणारे कधी यायचेत, असं झुराकाननं विचारलं. बेगिमाय म्हणाली, आता कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही, त्यांनी गावाकडूनच रेकॉर्ड करून पाठवलंय.

हेडफोनमध्ये आवाज आला. घोगरा झालेला, थोडा दम लागलेला. "म्हातारे, थंडी वाजतेय का गं?" आणि मग शांतता.

झुराकाननं हेडफोन कानांवर घट्ट दाबले. मेदेरबेकच होता.

बेगिमायनं रेकॉर्डिंग थांबवलं. "एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती म्हणाली, "हे आजोबा दर वाक्यानंतर उगाच थांबलेत. मी तेवढं कापून टाकते."

"कापू नकोस, पोरी. बोलायच्या आधी मी श्वास घेते. त्याला ठाऊक आहे."

तिनं श्वास घेतला. त्या शांततेत तो नेमका मावला. "तू आहेस की जवळ," आजीचं वाक्य ती बोलली. बेगिमाय म्हणाली, छान झालं, पुढे जाऊया. झुराकान म्हणाली, पुन्हा एकदा लाव. मग आणखी एकदा. निघताना तिनं मेदेरबेकचा नंबर मागून घेतला, पण फोन काही केला नाही.

सिनेमा लागल्यावर ती नातीला घेऊन गेली. पडद्यावर आजोबांचं तोंड मिटायच्या आत आजी भराभर बोलायला लागत होती. मुलांच्या सिनेमाला वेग हवा. मधलं सगळं कापलेलं होतं. नात हसत होती आणि शेजारच्या मुलीला सांगत होती, ही आजी म्हणजे माझीच आपा बोलतेय.

उन्हाळा सरताना ओशच्या बसवाल्याकडून सुक्या जर्दाळूंची पेटी आली. मग मात्र फोन करणं भाग होतं. गुडघे, नातवंडं, बागेवर पडलेलं दहिवर, सगळं बोलून झालं. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. तिला भरवायला तोच लागे, त्यामुळे सिनेमा बघायला जाणं झालं नव्हतं.

"मी थांबलो होतो ते ठेवलं का गं त्यांनी?" त्यानं विचारलं.

"ठेवलं," झुराकान म्हणाली. "अगदी जिथल्या तिथे."

"बरं झालं."

आतून त्याच्या बायकोनं हाक मारली. तो येतो म्हणाला, पण फोन त्यानं लगेच ठेवला नाही, आणि तिनंही.