काटा फुल होता

काटा लाल रेघेला टेकलेला. इंजिन सुरू नाही, काही नाही, रमाने नुसती किल्ली फिरवली आणि उष्णतेचा काटा पार लाल रेघेवर. त्याच्या शेजारचा पेट्रोलचा काटाही डोलत डोलत गेला आणि शेवटच्या खुणेला जाऊन बसला — फुल. दोघं कसे अगदी जोडीने, बोहल्यावर चढल्यासारखे. आत्ताच तिने बॉनेटवर हात ठेवून पाहिला होता: गार, माठाला हात लावावा तसं गार. आणि पेट्रोल म्हणाल तर दिवाळीपासून या गाडीने पंपाचं तोंड पाहिलेलं नाही. म्हणजे दोघंही खोटं बोलत होते. आता एखादा साक्षीदार चुकतो, विसरतो, पिऊन येतो... पण दोन साक्षीदार एकाच वेळी एकाच सुरात खोटं बोलले की त्यांना कोणीतरी पढवलेलं असतं. वकिलाच्या घरात जन्मभर अशिलांना चहा करून करून एवढं तर तिला कळलंच होतं.

काल संध्याकाळी ती व्हरांड्यात मटार सोलत बसली होती. आज अकोल्याला जायचं होतं, लेकीकडे, जुईलीकडे; नातीचा, आचलचा साखरपुडा. नवऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी शेजारचा श्याम चालवायचा. त्याने किल्ली फिरवून पाहिली आणि ओरडला, "काकाजी, गाडी गरम दाखवून राहिली! पेट्रोल मात्र फुल!" तर चिंतामणराव — अमरावतीच्या कोर्टात भल्याभल्यांना उलटतपासणीत घाम फोडलेला माणूस — खुर्चीतून न उठता म्हणाले, "सकाळी पाणी टाक. पेट्रोलची काळजी नको, काटा फुल आहे."

काटा फुल आहे!

आणि कोणी हसलं नाही. तिच्या हातातली शेंग हातातच राहिली. कारण हेच वाक्य पंचेचाळीस वर्षांपूर्वी ती बोलली होती, आणि तेव्हापासून सगळं घराणं हसतंय. पंगतीत कोणी जिलबी नको म्हटलं की "काय हो, काटा फुल?" पोराला पेपर अवघड गेला की "अभ्यासाचा काटा फुल होता ना रे?" तिच्या तोंडावर, तिच्या घरात, तिने वाढलेल्या ताटावर बसून.

झालं होतं ते इतकंच — वैशाखात ती एकटी अकोल्याला निघाली होती, याच गाडीने, स्वतः चालवत, आणि बोरगाव मंजूच्या अलीकडे गाडी फुर्रर करून थांबली. पेट्रोल संपलेलं. काटा फुल. खुशालराव नावाच्या एका भल्या माणसाने तिला बैलगाडीत बसवून पंपावर नेलं, डबा भरून परत आणून सोडलं, पदराने घाम पुसत ती अकोल्याला पोचली. बस्स. पण चिंतामणरावांनी त्या गोष्टीत पहिल्याच आठवड्यात बैल थेट मोटारीला जुंपले. पुढच्या लग्नात दोनाचे चार झाले. मग बैलांना पेट्रोलच्या वासाची अशी चटक लागली की ते अकोल्यात थांबेचनात, थेट बार्शीटाकळीपर्यंत पळाले, आणि आपली रमा आत ऐटीत स्टिअरिंग धरून, वळणावर हॉर्न देते आहे! माणसं पोट धरून हसायची. तीही हसायची. काय करणार? आणि शेवटी चिंतामणराव हात वर करायचे, सगळे एका सुरात म्हणायचे...

आज अकोल्याला नवीन व्याह्यांसमोर पुन्हा तेच होणार होतं. काल झोपताना ते घसा खाकरून बैलांची तालीम करत होते, तिने ऐकलं होतं.

म्हणून तिने रात्रीच पुण्याला मुलाला फोन लावला. सोहम म्हणाला, "आई, दोन्ही काटे एकाच डब्बीवर चालतात. रेग्युलेटर. बॅटरीचा करंट ती कमी करून काट्यांना देते. डब्बीचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी टेक, गेलं की सगळा करंट सरळ काट्यांना, मग दोन्ही वर चढून बसतात. श्यामला सांग, बॅटरीची तार काढ, गंज घास, स्क्रू आवळ."

"श्यामला कशाला?"

"मग कोण? तू?" तो हसला. "का गं, काटा फुल होता का?"

तिने फोन ठेवला. म्हणजे तेव्हाही हीच डब्बी. म्हणजे मी बरोबर होते... रात्रभर ही गोष्ट गूळ ठेवावा तशी तिने गालात धरून ठेवली. आज अकोल्यात, भरल्या मांडवात, त्यांनी हात वर केला की ती उठणार होती.

आता तिने बॅटरीची तार सोडवली, नऊवारीच्या दिवसांत सासूबाईंनी दिलेली पितळी बॅटरी — टॉर्च हो — दातात धरली, आणि डॅशबोर्डच्या खाली पाठीवर आडवी झाली. गुडघे दाराबाहेर.

"अवो माय!" भांडी घासायला आलेल्या आशाबाई फाटकातच थबकल्या. "काकू, तुमी गाडीच्या पोटात काहून शिरून राहिल्या? बैल शोधून राहिल्या का?"

म्हणजे हिलाही. भांड्यांच्या बाईलाही बैल माहीत. "तुमाले कोणं सांगितलं?" टॉर्च दातांतून काढून रमा आतून गरजली.

"काकाजीनं. दोनदा सांगितलं. मले तर लय आवडते ते, बार्शीटाकळीवालं."

"मोरी तिकडे आहे, आशाबाई."

डब्बी सापडली. काड्यापेटीएवढी, पत्र्याची, एका स्क्रूवर टांगलेली. स्क्रू फिरवला, डब्बी हातात आली... आणि डब्बीच्या मागून काहीतरी तिच्या गळ्यावर पडलं. काळपट, हलकं. तिने ते बोटांत धरून उजेडात नेलं.

सिगारेटच्या पाकिटातली चांदी. चौघडी केलेली, कडा नखाने दाबून धारदार केलेल्या.

या घडीला ती ओळखत होती. रेडिओत हीच घडी, इस्त्रीच्या पिनेत हीच घडी, देवघरातल्या दिव्याच्या बटणात हीच. जिथे काही सैल लागायचं तिथे चिंतामणराव ही चांदी दाबायचे आणि हात झटकत म्हणायचे, झालं काम. आणि सिगारेट त्यांनी सोडली ती जुईलीच्या बारशाला. त्यानंतर या घरात चांदी आली नाही. आणि गाडी बंद पडली ती जुईलीच्या जन्माआधीच्या वैशाखात, त्यानंतर कालपर्यंत काटा कधी चुकला नव्हता.

म्हणजे यांनी डब्बी काढली होती. तेव्हाच. असेच आडवे झाले असतील इथे, त्यांना कळलं असेल काटा खोटं बोलतो, बायको नाही... चांदी घातली, स्क्रू आवळला, हात झटकले, आणि संध्याकाळी बैल जुंपले.

पाठीखाली गाडीचा पत्रा, छातीत नुसतं उकळत होतं. आत्ता तिला काटा लावला असता तर लाल रेघ ओलांडून काच फोडून बाहेर आला असता. कधीतरी ते म्हणाले असते, गाडी चालवू नकोस — तर ती भांडली असती, जेवण सोडलं असतं, माहेरी गेली असती! पण त्यांनी मनाई केलीच नाही. नुसते हसले. हसण्याशी कसं भांडायचं? एकदा किल्ली मागितली तर म्हणाले, घे ना, बैल सांगू का? आणि चारचौघांत तिने किल्ली परत खुंटीला लावली, ती आज सकाळीच पुन्हा काढली. गल्लीतली गाडी चालवणारी पहिली बाई होते मी. पहिली. आणि कोर्टाच्या बार-रूममध्ये कोणी म्हटलं असेल, वकीलसाहेब, बायको चालवते, तुम्ही शेजारी बसता... हे होतं का? की गोष्टच इतकी लाडकी झाली, की खरं सांगून मोडवेना? की विसरलेच? विसरले असतील तर ते तर आणखीच...

तिने गंज घासला. खसाखसा घासला, पत्रा आरशासारखा होईपर्यंत. चांदी न घालता डब्बी बसवली, स्क्रू जीव खाऊन आवळला, बॅटरीची तार जोडली, आणि चालवणाऱ्याच्या जागेवर बसून किल्ली फिरवली.

काटे हलले. उष्णतेचा खालीच आडवा पडून राहिला. पेट्रोलचा जरा उठला, विचारात पडल्यासारखा थांबला, आणि शून्याच्या किंचित वर टेकला. मूर्तिजापूरपर्यंत पोचेल. बोरगाव मंजूपर्यंत? नाही.

"झालं का तुझं?" चिंतामणराव पायऱ्या उतरत होते, कडक इस्त्रीचा कोट, काळा चष्मा, हातात पेढ्यांचा डबा. "सरक तिकडे, श्याम येऊन राहिला."

ती सरकली नाही. मुठीत चांदी होती, तिच्या कडा अजून टोचत होत्या.

"कसल्या रागात आहेस? बरं, काटा काय म्हणतो?"

त्यांना या चष्म्यातून काटा दिसत नव्हता. ती म्हणेल ते खरं होणार होतं... पहिल्यांदाच. आणि रमाच्या डोक्यात, राग तसाच उकळत असताना, दुपारच्या उन्हात बोरगाव मंजूचा रस्ता उभा राहिला. कोटातले वकीलसाहेब, डोक्यावर पेढ्यांचा डबा, पुढे खुशालरावाचा एखादा नातू, त्याचे बैल... दोन? नाही, सहा. सहाच हवेत.

तिने तोंड उघडलं. दोन उत्तरं जिभेवर शेजारी शेजारी बसली होती, एक खरं आणि एक फुल, आणि दोन्ही तिला सारखीच गोड लागत होती.