फातेहाच्या आधीचा डबा

धाकट्या मुलाचं, महेबूबचं, लग्न झालं त्या साली, म्हणजे दोन हजार तेवीसच्या ग्यारवीला, मौलासाब पिंजाऱ्यांनी देगेवरचं झाकण सरकवलं आणि पहिला डाव जर्दा, म्हणजे पिवळा गोड भात, स्टीलच्या डब्यात भरला. झाकण दाबून बसवलं. गादी शिवायच्या जाड दोऱ्यानं डबा उभा-आडवा आवळला, आतल्या खोलीत नेऊन उंच फळीवर ठेवला, आणि बाहेर येऊन म्हणाले,

"हं. आता बोलवा लाडलेसाबला. फातेहा होऊ द्या."

ग्यारवी म्हणजे बगदादच्या पीरांच्या नावाचा दिवस. निलंग्याच्या त्या गल्लीत त्या दिवशी घरोघर गोड शिजायचं. दर्ग्याचे मुजावर लाडलेसाब येऊन त्यावर फातेहा पढायचे आणि मग ताटं शेजारीपाजारी जायची. मौलासाबच्या घरी हे त्यांच्या आजापासून चालत आलेलं. फळीवरचा डबा मात्र एकोणीस वर्षांपासूनचा. तो त्यांच्या धाकट्या भावाचा होता.

धाकटे चाँदगुरुजी औराद शहाजानीला उर्दू शाळेवर मास्तर होते. नोकरी संपल्यावर तिथंच राहिले. तिथं ते अहले हदीसच्या मशिदीत जाऊ लागले होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की अन्न अल्लाहच्या नावाचं. त्यावर पीराच्या नावानं फातेहा पढावी असं कुठं सांगितलेलं नाही, म्हणून तसं अन्न आपण खाणार नाही. हे त्यांनी सांगितलं ते बापाच्या बरसीला, भरल्या दस्तरखानावरून उठून. पाहुण्यांतलं कुणीतरी वाकडं बोललं. गुरुजींनीही उलट ऐकवलं. त्यानंतर दोन वर्षं दोघे भाऊ बोलले नाहीत.

मग एका ग्यारवीला मौलासाबनी फातेहाच्या आधीच एक डाव बाजूला काढला. डबा समोरच्या बसलिंगप्पांच्या हाती दिला. बसलिंगप्पांची औरादला आडत होती. ते रोज निलंग्याहून एसटीनं जायचे. मौलासाबनी निरोप काही दिला नाही. संध्याकाळी डबा परत आला तो धुतलेला आणि भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला. कुणाचा डबा रिकामा धाडायचा नाही, ही दोघांच्या आईची सवय होती. मौलासाबनी त्या शेंगा एकट्यानं बसून खाल्ल्या. पुढं दोघांचं लग्नाकार्याला, मयतीला जाणं-येणं सुरू झालं. बोलणं पिकापाण्याचं, पोराबाळांचं. त्या एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही. डबा मात्र दरसाल गेला.

फातेहा झाली. ताटं गेली. अकराच्या गाडीसाठी बसलिंगप्पा पिशवी घेऊन दारात उभे राहिले. लिंगायत माणूस, मटणाच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही, पण जर्द्यासाठी सकाळपासून उपाशी असायचा.

"मौलाभाई, मला दुवा पडलेलाच द्या बरं. न्हाई तर देताल गुरुजीचा."

"तुमाला दोन डाव दुवा पडलेला घातलाय, आप्पा. साखर वाढली तर मला बोल लावू नका."

बसलिंगप्पा हसत, दोऱ्याचा डबा पिशवीत उभा धरून गेले.

मौलासाब हात धुऊन ओट्यावर टेकले. बिलोलीकडून सून होऊन आलेली तस्लीम पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिथंच थांबली. घरात येऊन तिला चार महिने झाले होते. आज पहिल्यांदाच सगळा स्वयंपाक तिच्या अंगावर होता.

"अब्बा, आज एक मोठी चूक व्हता व्हता ऱ्हायली."

"काय गं?"

"फळीवरचा डबा फातेहाला ठेवायचाच राहून गेलता. माझं ध्यान गेलं म्हणून बरं. दोरा सोडला, झाकण काढलं आन ठेवला सगळ्या ताटांसंगं. फातेहा झाल्यावर पुन्हा तसाच बांधला, तुमच्यावानी."

ती उभीच होती. शाबासकीची वाट पाहणारं तोंड लगेच ओळखू येतं. मौलासाबनी तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आणला नाही.

"गाठ चांगली मारलीस," ते म्हणाले. "मला वाटलं माझीच हाय."

ती आत गेल्यावर त्यांनी महेबूबला हाक मारून बसलिंगप्पांना फोन लावायला सांगितला. फोन वाजला, पण समोरच्याच घरात. आप्पा तो चार्जिंगला लावून गेले होते. गुरुजींचा फोन बंद होता. मशिदीत जाताना बंद केला की ते संध्याकाळपर्यंत तसाच विसरायचे.

मौलासाबनी खुंटीवरची टोपी घातली आणि पायात चपला सरकवल्या. लाडलेसाब अजून ओट्यावरच बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुठं निघालाव?"

"औरादला."

"आता काय उपेग? तुमी पोचेस्तोर त्यानं खाल्लं असंल. बसा गप. त्याला कळणार न्हाई."

"त्याला न्हाई कळणार," मौलासाब म्हणाले. "मला कळंल की."

लाडलेसाबनी अडकित्ता खाली ठेवला. आवाज उतरवून ते म्हणाले, "मौलाभाई, सांगितलंव तर पुन्हा तो डबा घ्यायचा न्हाई. एकदा शंका आली की आली. एवढाच एक धागा ऱ्हायलाय तुमा दोघांत. कशाला हातानं तोडताव?"

मौलासाबनी टोपी नीट केली. मग ते गल्लीच्या तोंडाकडं चालू लागले.

गाडीत त्यांना खिडकीशी जागा मिळाली. सोयाबीन निघून गेलेली मोकळी रानं, मधून तुरीचे हिरवे पट्टे, उसाची एक ट्रॉली रस्त्याच्या कडेला तिरकी उभी. गुडघ्यावर पालथा ठेवलेला हात ते मधूनच उलटा करून पाहत. औरादला जाताना त्या हातात काही नाही, असं आजवर झालं नव्हतं. वाटेत ते वाक्य जुळवत राहिले. सुनेचं नाव येऊ द्यायचं नाही, एवढं त्यांचं ठरलं. बाकी काही जुळलं नाही.

गुरुजींच्या अंगणात मोरीच्या दगडावर डबा धुऊन पालथा घातला होता.

तो दिसला आणि मौलासाब फाटकातच उभे राहिले. आतून गुरुजींच्या बायकोनं, हलीमाबींनी, त्यांना पाहिलं.

"अगंबाई, भाईजान! अहो, बघा तर कोण आलंय. बसा, बसा. एवढ्या उन्हाचं?"

गुरुजी चष्मा लावत बाहेर आले. ग्यारवीच्या दिवशी थोरला भाऊ दारात बघून त्यांनी पहिलं विचारलं,

"घरी सगळे बरे हायत ना?"

"बरे हायत. तू बस."

दोघे बाजेवर बसले. हलीमाबी चहा ठेवायला आत गेल्या. मौलासाबनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पुन्हा डोक्यावर घातली.

"चाँद, आज माझ्या हातनं चूक झाली."

"काय?"

"आजचा डबा फातेहाचा आला तुझ्याकडं. आधीचा न्हाई. बांधताना ध्यान ऱ्हायलं न्हाई माझं. कळलं तसा निघालो, पर..." त्यांनी मोरीकडं पाहिलं. "तू खाल्लास. त्याचा काय गुन्हा असंल तर तो माझ्यावर. तुझ्यावर न्हाई. ह्ये सांगाय आलो."

 गुरुजी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. एक काच पुसून झाली तरी तीच पुसत राहिले.

"आधीचा म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"आधीचा म्हणजे फातेहाच्या आधीचा. देगेतला पहिला डाव. दरसाल तुझा तसाच काढतो की. अल्लाहची कसम, एकोणीस वरसांत एकदा चुकलो न्हाई. आजच काय झालं..."

"दरसाल?"

"मग? तुला ठाऊक न्हवतं?"

गुरुजींनी मान हलवली. ठाऊक नव्हतं.

 आत चहाच्या भांड्यावर चमचा वाजला.

"मग तू खात कसा व्हतास?"

"तू धाडायचास," गुरुजी म्हणाले. "पयल्या साली दुपारभर घेऊन बसलो व्हतो म्होरं. हलीमा म्हणाली, परत धाडा. मशिदीतल्या कुणाला इचारलं असतं तर त्यानंबी तेच सांगितलं असतं. मग बिस्मिल्ला म्हणलं आन खाल्लं. अल्लाहला म्हणलं, भात तुझा हाय, भाऊबी तूच दिलेला हाय. तू बघून घे."

"मला इचारायचं की एकदा."

"इचारलं असतं तर खाता आलं नसतं, भाई."

मौलासाब हसले नाहीत की रडले नाहीत. त्यांनी नुसता हात लांब करून भावाच्या गुडघ्यावर ठेवला. लहानपणी कापूस पिंजताना धुनकीच्या आवाजात बोलणं ऐकू जायचं नाही, तेव्हा ते असाच हात ठेवायचे.

हलीमाबी चहा घेऊन आल्या. दोघांचे चेहरे पाहून त्यांनी कप ठेवले आणि विचारलं काही नाही. चहा पितापिता मौलासाबची नजर खिडकीकडं गेली. गजाला दोऱ्याचा एक गुंडा टांगला होता. पांढरा, कुठं पिवळट पडलेला, जागोजाग गाठी मारून एकाला एक जोडलेला. गादी शिवायचा दोरा ओळखायला त्यांना जवळ जावं लागलं नाही.

"ह्ये कशाला ठिवलंस?"

"पक्का दोरा हाय," गुरुजी म्हणाले. "टाकावा वाटला न्हाई."

तेवढ्यात अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची, बांग झाली. ती गुरुजींच्या मशिदीची होती. तिथं ही नमाज लवकर होते. मौलासाबच्या मशिदीत ती सावली दुप्पट लांबल्यावर, बऱ्याच उशिरानं. गुरुजी उठले आणि तसेच उभे राहिले.

"जा की," मौलासाब म्हणाले. "मशिदीतली जमात चुकंल तुझी."

"तुझी येळ व्हायची हाय अजून."

"माझी मी बघतो. चल, पाणी घालतो."

मोरीवर धाकटा नमाजेआधीचा वजू करायला बसला आणि थोरल्यानं तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं. गुरुजी नमाज पढून आले तेव्हा त्यांनी खोलीत चटई अंथरली, पंखा लावला, आणि सावली मौलासाबच्या हिशोबाची होईपर्यंत दोघे तुरीच्या भावावर बोलत बसले. वेळ झाली तशी मौलासाब चटईवर उभे राहिले. गल्लीतली पोरं चेंडू खेळत आरडत होती. गुरुजी बाहेर गेले, पोरांना लांब पाठवलं, आणि भावाची नमाज होईपर्यंत दार ओढून उंबऱ्यावर बसून राहिले.

परतीच्या गाडीत मौलासाबच्या मांडीवर तो डबा होता. हलीमाबींनी त्यात मेथीचे धपाटे घातले होते. दोरा मात्र गुरुजींनी दिला नाही.

घरी आल्यावर तस्लीमनं विचारलं, "अब्बा, चाचाला आवडला का जर्दा?"

"डबा धुऊन आलाय बघ," मौलासाब म्हणाले. "म्होरल्या साली पयला डाव तू काढ. फातेहाच्या आधी. का, ते मी तुला सांगतो. बस."

पुढच्या ग्यारवीला देगेपाशी मौलासाब नव्हते. तस्लीम कडेवरच्या तान्ह्याला सावरत झाकण सरकवत होती, तेव्हा बसलिंगप्पा दारात आले. त्यांच्या मागं चाँदगुरुजी होते. ग्यारवीच्या दिवशी ते त्या घरी बावीस वर्षांनी येत होते. ते आत आले नाहीत. समोर बसलिंगप्पांच्या ओट्यावर बसले. लाडलेसाब पिशवी घेऊन आले, दोघांची सलाम-दुवा झाली. लाडलेसाब उगाच थोडा वेळ उभे राहिले, मग आत गेले. फातेहा चालू असताना गुरुजी खाली मान घालून बसले होते. बसलिंगप्पा त्यांच्या शेजारी टेकले होते.

सगळं आटोपल्यावर तस्लीम डोक्यावरचा पदर ओढत गल्ली ओलांडून आली.

"चाचा, डबा भरून ठिवलाय. अब्बानं सांगितलं व्हतं तसाच, पयला डाव..."

गुरुजींनी हात वर करून तिला थांबवलं.

"कोणचा ते मला सांगू नको, बेटा. तू भरलास ना? बास."

मग त्यांनी आपल्या पिशवीत हात घातला आणि गाठीगाठींचा तो दोऱ्याचा गुंडा काढून तिच्या हातात दिला.

"दोरा ह्यातला घे," ते म्हणाले. "लई वरसं पुरंल."

तस्लीम गुंडा घेऊन आत गेली. बसलिंगप्पा घसा साफ करून म्हणाले, "पोरी, माझा दुवा पडलेलाच असू दे गं."

मौलासाब इमामसाब पिंजारी त्याच साली, त्या ग्यारवीच्या तीन महिने आधी, दोन हजार चोवीसच्या जुलैच्या अकरा तारखेला, गुरुवारी दुपारी, निलंग्याच्या घरी वारले.