बोटात वाजणारी सनई

"कोणलेच पटत नही, तुलेही पटणार नही दिपमाला, पण चाळीसगावना एक माणूसनी कार्डले उघडा हात लाया, आनि तीन दिवस त्याना बोटमा सनई वाजे!" असं म्हणत कॉम्प्युटरमिस्त्री वना आबांनी कॅबिनेटच्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवला.

स्क्रू हलेना. त्याच्या डोक्यावर हळदीकुंकवाची पुटं चढली होती. दिपमालाच्या सासूबाई दर खंडेनवमीला विळे-कोयत्यांबरोबर या कॅबिनेटचीही पूजा करत आणि चारही स्क्रूंना एकेक बोट ओढत. हा नेम आबांनीच घालून दिलेला. स्क्रूला कुंकू लावायचं, आणि मिस्त्रीशिवाय कोणी तो फिरवायचा नाही. फिरवला तर आतली वीज कोपरापर्यंत चढते आणि मग तिला उतरवणारा माणूस सापडत नाही. मेहरूण भागातल्या ज्या ज्या घरात आबांनी जुळवलेला कॉम्प्युटर होता, त्या त्या घरात हा नेम निमूट पाळला जाई. कॉम्प्युटर जरा कुरकुरला की आबांना फोन. आबा सायकलवर येत, चहा घेत, गोष्ट सांगत आणि मगच पत्रा उघडत.

आता तशी घरं फारशी उरली नव्हती. लोकांनी मोबाइल घेतले, नाहीतर मॉलमधून कॉम्प्युटरचे छोटे बंद डबे आणले. दिपमाला मात्र पुढच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची, त्यामुळे तिचा जुना ढोबळा कॉम्प्युटर अजून टेबलाखाली घुमत होता. परवापासून त्याचं ग्राफिक कार्ड बिघडलं होतं. पडद्यावरच्या प्रत्येक नवरीच्या तोंडावर हिरवे पट्टे. नवं कार्ड कुरियरनं आलं होतं आणि खोक्यासकट पलंगावर पडलं होतं.

दाराशी दिपमालाचा नवरा धर्मेंद्र टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता.

"आबा, राग मानू नका, पण स्पष्ट सांगतो. माझी अंघोळ होईपर्यंत चालू झाला तर ठीक. नाहीतर आजच हा भंगारात घालतो. नवीन डबा बघून ठेवलाय. मिठाईच्या खोक्याएवढा. आवाज नाही, धूळ नाही, लाइटही कमी खातो."

"चांगला शे तो," आबा म्हणाले. "खोटं कसाले बोलू? पण त्यामा कार्डले बोर्डवरच डाख देयेल शे. कार्ड गयं का बठ्ठा डबा गया. आठे नुसतं कार्ड बदलं, का बाकी बठ्ठं जसंना तसं."

"पण बदलतो कोण, आबा? आमच्या ऑफिसात एकानेही जन्मात कॅबिनेट उघडलेलं नाही. जे कोणी उघडतच नाही ते उघडायची सोय कशाला?"

आबा भडकले. "उघडू देतस का त्या कंपनीवाला? डिंक लाई देतस, खिळा असा ठोकतस का माणूसनी हात लावालेच डरावं! माल तुम्हना, आनि बंदी त्यासनी! हाई काय रीत शे का?"

दिपमालानं एकदा कुंकवानं माखलेल्या स्क्रूकडे पाहिलं, एकदा आबांकडे पाहिलं, आणि हेअरपिननं ती पुटं खरवडायला घेतली.

धर्मेंद्र न्हाणीघरात गेला. पत्रा निघाला. जुनं कार्ड आबांनी सहज काढलं, काढायला काय लागतं! नवं मात्र जड होतं, दोन पंख्यांचं. ते बोर्डावरच्या खाचेवर नेताच आबांचा हात थरथरू लागला.

ही थरथर गेल्या उन्हाळ्यापासूनची. घरी कपबशी वाजली की आबा बायकोला सांगत, खिशातला फोन हलतो. बायको बिचारी फोनकडे बघायची.

कार्डाची कड खाचेवरून घसरली.

"मग? त्या सनईचं काय झालं?" दिपमालानं विचारलं.

"काय व्हनार? पहिला दिवस नुसती सनई. दुसरा दिवस ताशाबी लागना. गल्लीमधल्या बाया नटीथटीसन उन्यात, लगीन कोठे शे म्हनीसन!"

दिपमाला हसली. कार्ड पुन्हा घसरलं. आबांनी कपाळ बाहीला पुसलं आणि गोष्टीला आणखी एक पीळ दिला. "मंग त्याले शिरपूरले नेवं. डॉक्टरनी बोटले कान लाया. बराच येळ आयकं. म्हने, राग चांगला शे, पन ठेका चुकस."

करर्र. या वेळी कड खाचेऐवजी बोर्डावर घासली. आबांनी कार्ड मागे घेतलं. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. असा आणखी एक ओरखडा, आणि बोर्ड गेला. बोर्ड गेला म्हणजे ढोबळाच गेला.

दिपमाला खाली बसली. "आबा, इथे तुमचीच सावली पडतेय. तुम्ही टॉर्च धरा. मी बघते."

"तू? उघडा हातनी?"

"हो. सांगा तसं करते."

आबा कार्ड छातीशी धरून बसून राहिले. नाही म्हटलं तर हा ढोबळा संध्याकाळी हातगाडीवर चढणार. हो म्हटलं तर या पोरीला कळणार की पत्र्याच्या आत काही नाही, चार खाचा आणि दोन वायरी. मग या घरातूनही कोण कशाला फोन करेल? न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला.

त्यांनी कार्ड तिच्या हातात दिलं.

"पहिले पत्राले हात लाव. हाई खरं सांगस, हसू नको. अंगवरली वीज उतरी जास. आते कड त्या खाचमा... सरळ. दोन्ही आंगठासनी दाब. आजून. डरू नको, आजून!"

टॉर्च त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, तरी उजेडाचा गोळा खाचेभोवती नाचत होता. दिपमालानं तो थांबायची वाट पाहिली नाही. टक्. कार्ड बसलं. तिनं स्क्रू आवळला, वायर खोचली, बटण दाबलं. पंखे फिरले. पडद्यावर नवरी आली, हळदीनं पिवळीधमक, एकही पट्टा नाही.

धर्मेंद्र डोकं पुसत आला, वाकून पडद्याकडे बघत राहिला. "झाला? आबांनी बसवलं?"

"आबांनीच," दिपमाला मागे न वळता म्हणाली.

"मग राहू दे हाच," म्हणून तो चहा टाकायला आत गेला.

आबांनी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. पिशवीचं तोंड बांधायला जरा वेळ लागला. मग खाकरून, आवाज नेहमीसारखा खाली आणून ते म्हणाले, "आते आयक. रातले तुना बोटसमा मुंग्या येतीन. घाबरू नको. कांदा ठेचीसन लाव, आनि सकाय माले फोन कर. शिरपूरना त्या डॉक्टरनी त्या माणूसले हाईच सांगं..."

दिपमालानं दोन्ही तळवे उघडून त्यांच्यासमोर धरले.

"काही येत नाहीत मुंग्या, आबा. खोटं आहे ते. पहिल्यापासून खोटं सांगत आलात तुम्ही."